विमान तिरकं का येतं?

मुलांनो, पावसाळ्यात घाटकोपरच्या गच्चीवरून पाहिलंत, तर एखादं विमान खेकड्यासारखं तिरकं उतरताना दिसेल. वैमानिक चुकलेला नाही हं! मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम, आणि पावसाळी वारा येतो नैर्ऋत्येकडून. म्हणजे थोडा आडवाच. म्हणून वैमानिक नाक मुद्दाम वाऱ्याकडे वळवतो. नावाडी नाही का, प्रवाह कापताना होडी जरा वरच्या अंगाला रोखतो?

कसोटी असते शेवटच्या काही सेकंदांत. चाकं टेकण्याआधी नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं, वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवायचा. नाक तिरकंच राहिलं तर चाकांवर आडवा ताण येतो, विमान घसरतं, कधी पंखही जमिनीला घासतो. लहान विमान हलकं, त्यामुळे त्याला वारा चटकन हलवतो.

१४ सप्टेंबर २०२३ ला मुंबईत भर पावसात एक छोटं लिअरजेट विमान उतरताना धावपट्टीबाहेर जाऊन मोडलं. तेव्हा जेमतेम ७०० मीटरपर्यंतचं दिसत होतं. सुदैवाने आतले आठही जण वाचले.

पाऊस निदान दिसतो तरी, वारा दिसतच नाही! म्हणून धावपट्टीजवळ पायमोज्यासारखी कापडी पिशवी फडकत असते. ती वाऱ्याची दिशा आणि जोर दाखवते. विमान रेषेत येईना, तर शहाणा वैमानिक न टेकता पुन्हा वर जातो. प्रवासी कुरकुरतात. कुरकुरू देत!