कपाटातील फिती आणि अकोट्याच्या मूर्ती

बडोदे शहराच्या पश्चिम अंगास, विश्वामित्री नदीपलीकडे, अकोटा नावाचा भाग आहे. प्राचीन काळी त्यास अंकोट्टक म्हणत. १९५१ साली तेथील भूमीतून जैन कांस्यमूर्तींचा मोठा संचय हाती आला. डॉ. उमाकांत प्रेमानंद शहा यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील काही मूर्ती सुमारे दीड हजार वर्षांच्या आहेत. शतकानुशतके मातीखाली राहूनही त्यांच्या मुद्रेवरील प्रसन्नता पुष्कळ अंशी टिकून राहिली.

त्याच अकोट्यात २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात विश्वामित्रीच्या पुराचे पाणी शिरले. अशा पुरात कपाटाच्या खालच्या खणात ठेवलेली लग्नाची व्हिडिओ कॅसेट भिजली, तर तिची काय अवस्था होईल? कांस्याला जे साधले ते फितीला साधणारे नाही. आपल्या गावात पूर येत नसेल. पण पावसाळ्याची दमट हवा तर घरोघरी आहे. फितीचा नाश करावयास तेवढी पुरे आहे.

वाचकहो, १९८० नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या कित्येक घरांतील बाप्तिस्मे, प्रथम ख्रिस्तप्रसादाचे सोहळे आणि लग्नविधी ह्याच फितींवर उतरले. छायाचित्रात आजोबांचा चेहरा सापडेल, पण त्यांचा आवाज नव्हे. मांडवात बायकांनी म्हटलेली गाणी आणि घरातील जुनी बोली, हे सारे त्या काळ्या पेटीत बंद आहे.

ही फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटद्रव्याने बसविलेले चुंबकीय कण होत. दमट हवेने चिकटद्रव्य खराब होते, बुरशी धरते आणि चित्र हळूहळू विरू लागते. दुसरे संकट यंत्रांचे आहे. व्ही.सी.आर. बनविणाऱ्या अखेरच्या मोठ्या जपानी कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबविले. २०१९ साली युनेस्कोने फितींविषयी जगास इशारा दिला, त्याचेही कारण हेच होते: फीत शाबूत राहील, परंतु ती वाचणारे यंत्र उरणार नाही.

म्हणून फितीवरील चित्र चकतीवर, म्हणजे डी.व्ही.डी.वर, उतरवावयाचे झाल्यास सामग्री कोणती घ्यावी? बहुतेक मंडळी संगणकाला जोडण्याच्या यंत्राची आधी चौकशी करतात आणि व्ही.सी.आर. मिळेल तो चालवितात. हा क्रम उलटा आहे. फितीवरून जे नीट वाचले गेले नाही, ते पुढचे कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. यास्तव खर्च आणि काळजी प्रथम व्ही.सी.आर.वर करावी.

जुना व्ही.सी.आर. घेताना तो दुकानात चालवून पाहावा. प्रथम टाकाऊ कॅसेट घालावी, घरची मौल्यवान कॅसेट घालू नये. फीत चुरगळत नाही ना, चित्र स्थिर राहते ना, आवाज स्वच्छ येतो ना, हे पाहावे. एस-व्हिडिओ जोडणीचा एस-व्ही.एच.एस. व्ही.सी.आर. मिळाला तर उत्तम. त्यात प्रकाश आणि रंग वेगळ्या तारांनी जातात, त्यामुळे चित्र अधिक रेखीव उतरते. एरवी पिवळ्या पिनेची साधी जोडणीही चालेल. आपल्याकडील व आखाती देशांतील फिती बहुधा पाल पद्धतीच्या असतात, अमेरिकेतील आप्तांनी पाठविलेल्या एन.टी.एस.सी. पद्धतीच्या. व्ही.सी.आर. आणि नोंदणी करणारे यंत्र ह्या दोन्हींना ती पद्धत चालते की नाही, हे आधीच विचारावे. लहान आकाराच्या मिनी-डी.व्ही. किंवा आठ मिलिमीटरच्या फितींना त्यांचाच कॅमेरा लागतो.

दुसरी गोष्ट नोंदणीच्या यंत्राची. संगणकाला जोडण्याची लहान यू.एस.बी. पेटी स्वस्त असते. परंतु जुन्या फितीचे चित्र थरथरू लागले की काही पेट्या गोंधळतात, चित्र तुटते आणि ओठ व आवाज यांचा मेळ राहत नाही. टाइम बेस करेक्टर नावाचे साधन चित्राच्या डळमळत्या ओळी सरळ करते. काही चांगल्या व्ही.सी.आर.मध्ये ते आतच बसविलेले असते. डी.व्ही.डी. रेकॉर्डर चालू स्थितीत मिळाल्यास तोही पुष्कळदा हे काम बऱ्यापैकी करतो. व्ही.सी.आर. आणि रेकॉर्डर एकत्र असलेले यंत्र वापरावयास सर्वांत सोपे. मात्र त्याचा एक भाग बिघडला की सारेच अडते.

तिसरी गोष्ट चकतीची. साध्या डी.व्ही.डी.त ४.७ गिगाबाइट, म्हणजे चांगल्या प्रतीचे सुमारे दोन तासांचे चित्र मावते. तीन तासांची कॅसेट एका चकतीत कोंबू नये, दोन चकत्या कराव्या. चकतीही अमर नाही, आणि हल्लीच्या पुष्कळ संगणकांत ती घालावयास जागाही नसते. म्हणून तेच चित्र हार्ड डिस्कवरही ठेवावे आणि एक प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे किंवा लेकीकडे द्यावी. मूळ कॅसेट टाकून देऊ नये.

बुरशी धरलेली किंवा भिजलेली कॅसेट यंत्रात मुळीच घालू नये. ती उन्हात वा चुलीजवळ वाळवू नये, जाणकाराच्या हाती द्यावी.

हे सारे प्रत्येक कुटुंबाने विकत घेण्याचे कारण नाही. तीन तासांची फीत उतरावयास तीनच तास लागतात, आणि घरोघरी कॅसेट दहा-बाराच असतात. धर्मग्रामात एक चांगला संच घेऊन दोन तरुणांनी तो चालविला, तर वर्षभरात पुष्कळ घरांचे काम होईल. आरंभ सर्वांत जुन्या कॅसेटपासून करावा आणि उतरविताना घरातील आजीला जवळ बसवावे. पडद्यावरील माणसांची नावे तिलाच ठाऊक आहेत; ती लिहून घेतली नाहीत तर चित्र राहील आणि ओळख जाईल.

पाच हजारांना जेवू घातल्यावरही प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे वेचावयास लावले, ते काही वाया जाऊ नये म्हणून. आपल्या वाडवडिलांचे आवाज हेही असेच उरलेले तुकडे होत. अकोट्याच्या मूर्तींनी मातीखाली शतकानुशतके वाट पाहिली. फितींना तेवढा अवकाश नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी कपाट उघडावे, हे बरे.