परसदार, पाऊस आणि भरतीचं टाइमटेबल

समोर १९८९ पासूनचं झगमगतं न्हावा शेवा बंदर, आणि आमच्या न्हाव्याच्या घराच्या परसदारी घोटाभर पाणी! रस्ता थरावर थर चढत उंच झाला, घर मात्र खालीच राहिलं.

'सरळ कोबा करू,' हा माझा वीकएण्ड फंडा. बाबा म्हणाले, "अरे, मग पाणी थेट चुलीपाशी येईल." शोषखड्डा खणला. फेल! खाजणाची चिकणमाती, पावसाळ्यात हातभर खणलं की खालूनच पाणी. त्यात भरतीला नाला उलटा वाहतो.

उत्तर खारबांधात सापडलं. बांधाच्या उघाडीची झडप ओहोटीला उघडते, भरतीला मिटते. सिडकोचे नवी मुंबईतले धारण तलावही याच तत्त्वावर चालतात. आम्ही तेच छोट्यात केलं. अंगणाला घरापासून दूर उतार, कडेने खडीचा चर, त्यात भोकांचा पाइप, कोपऱ्यात टाकी आणि नाल्याकडच्या तोंडाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. भरतीत टाकी पाणी धरते, ओहोटीला सोडते.

पाणी अजूनही साचतं, पण आईच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही. एकच टीप: मे महिन्यात व्हॉल्व्हमधल्या प्लास्टिकच्या पिशव्या काढा. आणि कॅलेंडरवर सुट्ट्यांसोबत तिथीही बघा. अष्टमीला भांग, म्हणजे निवांत. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पार्टी कॅन्सल!