पगार सोडायचा की नाही? आधी चपलेच्या एका जोडाचा हिशेब मांडा

कोल्हापूर : दिवसा शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळी करायची आणि रात्री मोबाइलवर चपलांचे, गुळाचे, चटणी-मसाल्याचे फोटो टाकून ऑर्डरी घ्यायच्या, असं करणारी पोरं आता गावोगावी दिसतात. दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरी वाढल्या की घरात एकच विषय निघतो, "नोकरी सोडू का?" आई-वडील म्हणतात, लागलेला पगार धरून ठेव. मित्र म्हणतात, दुसऱ्याच्या हाताखाली किती दिवस राबणार? दोन्ही बाजूंचं खरं असू शकतं. पण निर्णय घ्यायचा तो हिशेबावर. त्यासाठी पगाराची खरी किंमत आणि धंद्यात हातात उरणारी रक्कम, हे दोन आकडे माहीत हवेत.

पगार म्हणजे फक्त बँकेत जमा होणारी रक्कम नव्हे

समजा एखाद्या कामगाराचा एकूण पगार २० हजार रुपये आहे आणि त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५ हजार आहेत. त्यातून १२ टक्क्यांनी १,८०० रुपये पीएफ, ०.७५ टक्क्याने १५० रुपये ईएसआय आणि २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. हातात येतात १७,८५० रुपये.

पण कंपनीही आपल्या बाजूने १,८०० रुपये पीएफमध्ये भरते. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात. ईएसआयमध्ये कंपनीचे ३.२५ टक्के, म्हणजे ६५० रुपये असतात. व्यवसाय कर सोडून सगळं धरलं तर या नोकरीची महिन्याची किंमत २२,२५० रुपये होते. भरपगारी सुट्ट्या, बोनस आणि ग्रॅच्युइटी यात धरलेली नाही.

हे झालं रीतसर नोकरीचं. ठेकेदारामार्फत काम असेल तर पीएफ खरंच भरला जातो का, हे यूएएन नंबर टाकून पासबुकात बघा. भरला जात नसेल, तर तुमच्या नोकरीची किंमत हातात येतो तेवढीच आहे.

एका जोडामागे किती उरतं?

आता धंद्याकडे या. उदाहरणादाखल कोल्हापुरी चप्पल घेऊ. कारागिराकडून ७०० रुपयांना घेतलेला जोड ऑनलाइन १,२०० रुपयांना विकला. वरवर बघितलं तर ५०० रुपये सुटले. आता खर्च वजा करा. जीएसटी नोंदणी असेल तर ५ टक्क्यांप्रमाणे ५७ रुपये कर (२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर हाच दर आहे), कुरिअर १०० रुपये, खोका आणि पॅकिंग ३० रुपये, ऑर्डर मिळवायला केलेल्या जाहिरातीचे १२० रुपये आणि पेमेंटचं शुल्क २४ रुपये. उरले १६९ रुपये.

कुरिअर आणि जाहिरातीचे आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील. तुमचे आकडे तुम्ही घाला, पण कुठलाही खर्च सोडू नका. मोबाइलचं रिचार्ज, गाडीचं पेट्रोल आणि घरच्यांनी पॅकिंगला दिलेला वेळ हाही खर्चच आहे.

खरा मार बसतो परत आलेल्या पार्सलचा

कॅश ऑन डिलिव्हरीत गिऱ्हाईक दारात आलेलं पार्सल नाकारू शकतं. चपलेचा नंबर बसला नाही म्हणूनही माल परत येतो. अशा एका ऑर्डरीत जातानाचे १००, येतानाचे १००, पॅकिंगचे ३० आणि जाहिरातीचे १२०, असे ३५० रुपये जातात. म्हणजे एक पार्सल परत आलं की दोन विकलेल्या जोडांचा नफा गेला.

महिन्याला १०० ऑर्डरी आल्या आणि २० परत आल्या असं धरा. ८० जोडांचे १३,५२० रुपये मिळाले, परतीचे ७,००० गेले. शिल्लक ६,५२० रुपये. १०० ऑर्डरी म्हटलं की गावात नाव होतं, पण हातात महिन्याला साडेसहा हजार. या हिशेबाने २२,२५० रुपयांच्या नोकरीची बरोबरी करायला महिन्याला सुमारे ३४० ऑर्डरी लागतात, म्हणजे रोज ११ ते १२.

आता परत येणारी पार्सलं २० वरून १० वर आणा. शिल्लक ११,७१० रुपये होते आणि बरोबरीला १९० ऑर्डरी पुरतात. म्हणून जाहिरात वाढवण्याआधी माल परत येणं कमी करा. पावलाचं माप सेंटिमीटरमध्ये मागवून घ्या. माल पाठवण्याआधी फोन करून पत्ता पक्का करा. आगाऊ पैसे भरणाऱ्याला थोडी सवलत द्या. जुनं गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर परत आलं तर जाहिरातीचे १२० रुपये वाचतात आणि जोडामागे १६९ ऐवजी २८९ उरतात. धंदा टिकतो तो अशा गिऱ्हाइकांवर.

पावसाळा आणि अडकलेलं भांडवल

चामड्याला पाणी सोसत नाही. पावसाळ्यात चप्पल वाळत नाही आणि गिऱ्हाईकही थंडावतं. गुळाचा हंगामही ठरलेला असतो. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या ऑर्डरी बघून राजीनामा देणाऱ्याला जून-जुलै जड जातात. पगार मात्र बारा महिने येतो.

भांडवलही लागतं. एका डिझाइनचे पाच नंबर, प्रत्येकी चार जोड ठेवले तरी २० जोडांचे १४ हजार रुपये मालात अडकतात. वर कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे कुरिअर कंपनीकडून हातात यायला काही दिवस जातात. तेवढ्यात कारागिराला रोख द्यायची असते.

'कोल्हापुरी' नाव जपून वापरा

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं ते आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, त्यावरून ओरड झाली आणि कंपनीला कोल्हापुरीची प्रेरणा मान्य करावी लागली. त्यामुळे नावाला भाव आहे. पण बाहेरून आणलेला मशीनचा माल 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून विकला तर कायद्याच्या कचाट्यात सापडाल आणि गिऱ्हाईकही जाईल. कोल्हापूरचा गूळ आणि आजऱ्याचा घनसाळ तांदूळ यांनाही मानांकन आहे, तिथेही हेच लागू.

कागदपत्रं कोणती?

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी एजंटाला हजारो रुपये देऊ नका. खाण्याच्या मालाला एफएसएसएआय नोंदणी लागते. राज्याबाहेर माल विकायचा असेल तर उलाढाल कमी असली तरी साधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे, ती करसल्लागाराकडून समजून घ्या. हाताने चप्पल बनवणाऱ्या कारागिरांना पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षण, १५ हजारांची अवजारं आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं.

नोकरीत असताना जोडधंदा करणार असाल तर नेमणूकपत्रातली अट वाचा. सरकारी कर्मचाऱ्यांना परवानगीशिवाय धंदा करता येत नाही.

मग सोडायची कधी?

घाईने राजीनामा देण्यापेक्षा आधी चार अटी ठरवा आणि वहीत लिहा.

१. सलग सहा महिने, त्यात पावसाळ्याचे निदान दोन, परतीचा माल वजा करून उरलेली रक्कम पगाराच्या खऱ्या किमतीइतकी झाली पाहिजे.

२. घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे धंद्याच्या खात्यातून वेगळे ठेवलेले असावेत.

३. घराचं किंवा गाडीचं कर्ज काढायचं असेल तर पगाराची स्लिप हातात असतानाच बँकेत विचारा. धंदेवाल्याला बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं दाखवावी लागतात.

४. नोकरीतलं संरक्षण गेल्यावर पर्याय तयार हवा. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत आणि सुरक्षा विमा २० रुपयांत मिळतो, दोन्हीत २ लाखांचं संरक्षण आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार नीट करून ठेवा.

राजीनामा दिलाच तर पीएफ लगेच मोडू नका. पेन्शनसाठी १० वर्षांची नोकरी लागते. पुन्हा नोकरी धरली तर आधीची वर्षं मोजली जावीत म्हणून खातं नव्या कंपनीत वर्ग करून घ्या.

एक सावधगिरी

'घरबसल्या ऑनलाइन धंदा, महिन्याला ५० हजार' म्हणून आधी जॉइनिंग फी मागणारे मेसेज रोज येतात. ज्या धंद्यात माल विकण्याऐवजी माणसं जोडायला सांगतात, तिथे पैसे भरू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे थांबण्याची शक्यता जास्त.

धंद्यात पडलेली सगळीच पोरं बुडत नाहीत आणि पगारावरची सगळीच सुखी नसतात. पण आजच्या ऑर्डरी मोजून राजीनामा लिहू नका. एक वही घ्या, गेल्या तीन महिन्यांतली प्रत्येक ऑर्डर, प्रत्येक परतीचं पार्सल आणि प्रत्येक खर्च लिहा, आणि खाली उरलेला आकडा घरच्यांसमोर ठेवा. मग बसून ठरवा.