माळ्यावरची हाक : जनरल थोरात

पीक राखणारा माळ्यावरून हाक देतो. ती ऐकून गोफण घेऊन धावायचे की घोंगडी ओढून पडून राहायचे, हे घरधन्याने ठरवायचे. निमगाव सावाच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांची हकीकत अशीच आहे.

कोल्हापूरकडच्या वडगावचा हा पाटलाचा मुलगा. जन्म १९०६ चा. विलायतेत सँडहर्स्टला शिकून १९२६ साली ते इंग्रजांच्या फौजेत अधिकारी झाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉ येथे त्यांच्या पलटणीने जपान्यांना हटविले. त्याबद्दल त्यांना डी.एस.ओ. हे मानाचे पदक मिळाले. १९५३ साली कोरियात युद्धकैदी सांभाळणाऱ्या भारतीय फौजेचे ते प्रमुख होते.

१९५७ पासून पूर्व सरहद्द त्यांच्याकडे आली. चीन नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, उतरू शकेल; त्याला अडवायला किती फौज, किती रस्ते लागतील, हे त्यांनी १९५९ साली लिहून दिले. सरसेनापती थिमय्यांनी ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवले. मेनन यांना ते पटले नाही. मार्च १९६० मध्ये लखनौला थोरातांनी ‘लाल किल्ला’ नावाचा लष्करी सराव घेऊन तोच धोका पुन्हा मांडला. १९६१ साली ते निवृत्त झाले.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. महिन्याभरात सेला आणि बोमदिला पडले. १९९२ साली थोरात वारले. राखणदार जागा होता, हाकही वेळेवर होती. घर मात्र उठले नाही.