घरचे ध्वनिमुद्रण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरी गाणे मुद्रित करताना गळ्याबरोबर खोलीही मुद्रित होते. भिंती, फरशी आणि छतावर आदळून परतलेला ध्वनी मूळ आवाजात एकदा मिसळला, की तो वेगळा काढणे कठीण असते. याकडे दुर्लक्ष झाल्याने पुढील गैरसमज रूढ झाले आहेत.

गैरसमज : महागडा माइक घेतला की आवाज स्टुडिओसारखा येतो.
वस्तुस्थिती : संवेदनशील कंडेन्सर माइक गळ्यातील बारकावे टिपतो, तशीच पंख्याची घरघर आणि खोलीतला घुमाराही टिपतो. रिकाम्या भिंतींच्या खोलीत जवळून वापरलेला डायनॅमिक माइक अनेकदा सरस ठरतो. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ (१९८२) या अल्बमच्या गायनासाठी शुअर एसएम७ हा डायनॅमिक माइकच वापरला होता.

गैरसमज : भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले की बाहेरचा आवाज येत नाही.
वस्तुस्थिती : आवाज अडवायला वजनदार, बिनफटींची भिंत लागते. पुठ्ठ्याला वजन नसते आणि घुमारा शोषण्याइतकी जाडीही नसते. त्यापेक्षा जाड गोधड्या किंवा रजया उपयोगी पडतात. कार्डिऑइड माइक मुख्यतः समोरचे टिपतो. म्हणून या गोधड्या आधी गायकाच्या पाठीमागे, म्हणजे माइकच्या समोर, टांगाव्यात.

गैरसमज : माइक ओठांना जितका जवळ, तितका चांगला.
वस्तुस्थिती : अंतर निम्मे केले की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. पण फार जवळ गेल्यास खर्ज फुगतो आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना हवेचे फटके बसतात. साधारण १५ ते २० सेंटिमीटर अंतर, मध्ये पॉप फिल्टर आणि माइक किंचित तिरका, ही मांडणी बहुतेकांना चालते. तार सप्तकात जाताना थोडे मागे सरकावे.

गैरसमज : मुद्रणाची पातळी लाल खुणेपर्यंत हवी.
वस्तुस्थिती : शून्य डेसिबलवर डिजिटल ध्वनीचा माथा छाटला जातो आणि आवाज फाटतो. २४ बिट मुद्रणात पुरेसा वाव असल्याने सर्वांत जोरकस स्वर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवावेत. पातळी नंतर वाढवता येते.

गैरसमज : राहिलेले दोष सॉफ्टवेअर दूर करते.
वस्तुस्थिती : पंख्यासारखी सलग घरघर बरीच कमी करता येते, पण त्याचा अतिरेक झाला की स्वर पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. मोबाइलच्या स्पीकरवर लावलेला तानपुरा गळ्यासोबत मुद्रित झाला, तर दोन टेकचे तुकडे जोडताना त्याची आस तुटलेली ऐकू येते. तानपुरा बंद कपांच्या हेडफोनवर ऐकला, की माइकमध्ये जवळपास निव्वळ गळाच उतरतो.