जमिनीतले हिरे, तिजोरीतला हिशेब

खनिजसंपन्न देश अनेकदा दरिद्रीच राहतात. बोट्सवाना मात्र त्याला अपवाद ठरला. 1966 मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशात पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले, आणि अध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या सरकारने खनिजहक्क जमातींकडून राज्याकडे आणले, तेही ओरापाची जमीन खामांच्याच बंग्वाटो जमातीची असताना. पैसा अर्थसंकल्पातून शाळा-रस्त्यांकडे वळू शकला, कारण महसूल मोजणारी व खर्च तपासणारी यंत्रणा, म्हणजेच संस्थात्मक क्षमता, जोपासली गेली होती. 1994 पासून शिल्लक ‘पुला निधी’त साठू लागली. अर्थात, सगळे श्रेय कारभाराला देता येत नाही: सिएरा लिओनमधील बरेच हिरे नदीच्या गाळात विखुरलेले असल्याने ते चाळणीनेही वेचता येतात, तर बोट्सवानातील कठीण खडकाला अवजड यंत्रे लागतात आणि मोजक्या खाणींवर नजर ठेवणे सोपे जाते.