शहराचा आकडा कोण सांगतं?

(व्याख्यानाचे शब्दांकन)

संयोजकांनी मला विषय दिला, 'शहराच्या आरोग्याचे आणि शाश्वततेचे निर्देशांक'. घरी सांगितलं तर मंडळी हसली. म्हणाली, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आकडेमोडीशी तुमचा काय संबंध? संबंध एकाच जागी आहे. एखादी गोष्ट आपल्याला कळली असं आपण म्हणतो, तेव्हा ती कशी कळली, कोणाकडून कळली, हे विचारायचं काम आमच्या विषयाचं. तोच प्रश्न आज बुलडाण्याच्या आकड्यांना विचारू या.

एक आकडा घ्या. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा या वयात हजार मुलग्यांमागे ८५५ मुली निघाल्या. २००१ मध्ये त्या ९०८ होत्या. म्हणजे दहा वर्षांत हजारामागे ५३ मुली कमी झाल्या. हा आकडा दिल्लीहून जाहीर झाला, म्हणून तो दिल्लीत तयार झाला असं आपल्याला वाटतं. पण ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या दिवसांत आपल्याच शाळांतले गुरुजी आणि बाई दारोदार फिरत होते. कुठल्या तरी ओसरीवरच्या आजीने सांगितलं, घरात लहान मूल एक, मुलगा. बाईंनी तसं लिहिलं. अशा लाखो उत्तरांची बेरीज म्हणजे ८५५. आकडा मोजला जातो हे खरं, पण त्याच्याही आधी तो कोणीतरी कोणाला तरी सांगितलेला असतो. आजच्या व्याख्यानात मला एवढंच म्हणायचं आहे. बाकी सगळा त्याचा विस्तार.

आता शहराकडे या. शहराचा जन्मदर, मृत्युदर काढायचा तर आधी नोंद लागते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे घटना जिथे घडली तिथे नोंद होते, आणि २१ दिवसांच्या आत खबर द्यायची असते. याचा परिणाम काय होतो बघा. चिखली तालुक्यातल्या खेड्यातली लेक बाळंतपणाला बुलडाण्याच्या दवाखान्यात आली, की ते बाळ बुलडाणा शहराच्या खात्यात जमा. उलट इथला एखादा रुग्ण अत्यवस्थ झाला, त्याला अकोल्याला किंवा संभाजीनगरला हलवला, आणि तो तिथे गेला, तर तो मृत्यू त्या शहराच्या खात्यात. नुसतं रजिस्टर उघडून बसलं तर शहरात जन्म भरपूर आणि मरण कमी असं चित्र दिसेल. यात कोणी खोटं लिहिलेलं नसतं बरं का! प्रत्येक ओळ खरी, आणि तरी चित्र फसवं. ते दुरुस्त कोण करू शकतं? त्या गल्लीत रोज फिरणारी बाई. कोणत्या घरातलं माणूस बाहेरगावी गेलं आणि परत आलं नाही, हे तिला माहीत असतं.

दुसरं उदाहरण पाण्याचं. आपल्या शहराला येळगावच्या धरणातून पाणी येतं. ते शुद्ध आहे की नाही हे पाहायला नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकतात. पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन शिल्लक आहे. नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे असा दंडक आहे. आता नमुना घ्यायचा कुठून? टाकीच्या खालच्या पहिल्या नळाचा घेतला तर पिवळा येणारच. शेवटच्या वस्तीत, जिथे पाणी उशिरा पोचतं आणि गटाराशेजारून पाइप जातो, तिथला घेतला तर कदाचित रंगच येणार नाही. दोन्ही नमुने खरेच. पण शहराच्या आरोग्याची बातमी दुसऱ्या नमुन्यात आहे. तिथपर्यंत चालत जायचं की नाही, हे एका माणसाच्या हातात असतं. आणि त्याला दिवसभरात किती नमुने घ्यायला लावले, यावरही ते ठरतं.

कचऱ्याचंही तसंच. २०१६ च्या नियमांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायला सांगितलं. शहरात किती टक्के कचरा वेगळा होतो, हा शाश्वततेचा एक मोठा निर्देशांक. त्याचं उत्तर घंटागाडीच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला तोंडपाठ असतं. दोन डबे पुढे करणारी घरं आणि सगळं एकाच पिशवीत बांधून देणारी घरं, दोन्ही त्याला ठाऊक असतात. पण त्याला आपण कधी विचारत नाही. विचारतो ते कागदाला.

आणखी एक गोष्ट. माणशी पाणी किती, माणशी कचरा किती, हे काढायचं तर भागाकार करावा लागतो. भाजक म्हणजे शहराची लोकसंख्या. बुलडाणा शहराची ती २०११ मध्ये ६७ हजारांच्या पुढे होती. त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये व्हायला हवी होती, ती ठरल्या वेळी झाली नाही. म्हणजे वरचा आकडा आजचा आणि खालचा जुना किंवा अंदाजाचा. गेल्या काही वर्षांत शहराच्या कडेला राहायला आलेली माणसं त्या भागाकारात नीट आलेलीच नाहीत. पाणी मात्र त्यांनाही लागतं.

मोठ्या शहरांसाठी देशपातळीवर याद्या निघतात. २०२० च्या राहणीमान निर्देशांकात १११ शहरं होती, स्मार्ट सिटीतली आणि दहा लाखांवरची. आपल्यासारख्या शहराला तिथे जागाच नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१५-१६ पासून जिल्ह्याचे आकडे देते, पण बुलडाणा शहराचा वेगळा आकडा त्यात मिळत नाही. तेव्हा आपल्या शहराचं खरं काय ते कळायला आपल्याकडे आपलीच माणसं आहेत.

आता जरा इतिहासात जाऊ. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूचे तक्ते छापले जात. १६६२ मध्ये जॉन ग्राँट नावाच्या कापडव्यापाऱ्याने त्या तक्त्यांवरून पुस्तक लिहिलं, आणि लोकसंख्याशास्त्राची सुरुवात तिथून मानतात. पण ते आकडे आणायचं कोण? गरीब म्हाताऱ्या बायका. घरात माणूस गेलं की त्या जायच्या, प्रेत पाहायच्या आणि कशाने गेलं ते सांगायच्या. त्याचे चार पैसे मिळायचे. लाज वाटण्यासारख्या रोगाने माणूस गेलं असेल, तर घरचे लोक त्यांच्या हातावर थोडे जास्त ठेवून 'क्षय' लिहायला लावतात, असा संशय ग्राँटने स्वतःच नोंदवला आहे. एका शास्त्राचा पाया त्या म्हाताऱ्यांच्या शब्दावर उभा आहे, आणि पुस्तकावर नाव ग्राँटचं.

आपल्या वऱ्हाडात काय होतं? कोतवाल बुक. जातीच्या दाखल्यासाठी त्याची नक्कल काढायला आपल्यापैकी पुष्कळ जण गेले असतील. गावातल्या जन्म-मृत्यूची खबर द्यायची कोतवालाने. गावाच्या उतरंडीत तो खालच्या पायरीवरचा माणूस. आणि आज? २००५ नंतर आशाताई आल्या. २०१३ पासून शहरी आरोग्य अभियानात त्या शहरातही आल्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. पण त्यांना ठरावीक पगार नाही, कामागणिक मोबदला. तो वाढावा म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा संपावर जावं लागलं. तिन्ही काळांत एक गोष्ट तीच दिसते. ज्याला सगळ्यात जास्त माहीत आहे, तोच सगळ्यात खाली बसलेला आहे.

इथे माझा विषय कामाला येतो. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण कोणाचा शब्द? आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनाने न्यायभाष्यात पुढे म्हटलं आहे की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. विचार करा! सांगणाऱ्याचा दर्जा बघू नका, त्याला माहीत आहे का आणि त्याला खरं सांगायचं आहे का, एवढं बघा. या व्याख्येप्रमाणे गल्लीतली आशाताई शंभर टक्के आप्त आहे.

मी त्यात एक अट घालीन. तिला खरं सांगता आलं पाहिजे. बाळ दगावल्याची नोंद केली की आधी तिलाच जाब विचारला जाणार असेल, चांगल्या आकड्याला शाबासकी आणि वाईट आकड्याला नोटीस मिळणार असेल, तर हळूहळू वाईट आकडे यायचे बंद होतात. बाळं जायची बंद होत नाहीत. २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि महाराष्ट्रातल्या स्वयंसेवी संस्थांनी 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. निवडक गावांत आणि शहरी झोपडपट्ट्यांत घरोघरी जाऊन बालमृत्यू मोजले. सरकारी नोंदीपेक्षा ते कितीतरी जास्त निघाले. ती बाळं आधीही गेलेलीच होती, फक्त कोणाच्या कागदावर नव्हती.

हे मला आतून का लागतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी घरच्या कामासाठी मी आमच्या गावच्या कोतवाल बुकाची नक्कल काढली. माझा जन्म त्यात आहे, बहिणींचे आहेत. माझ्या पाठचा एक भाऊ आठव्या दिवशी गेला होता. त्याचा जन्मही नाही आणि मृत्यूही नाही. आई शेवटपर्यंत पाच बाळंतपणं सांगायची. बुकात चार आहेत. त्या वर्षीचा आमच्या गावाचा बालमृत्यूचा आकडा एकाने चांगला दिसला असेल.

तेव्हा यापुढे शहराचा कुठलाही आकडा वाचलात, की तीन प्रश्न विचारा. हा कोणी सांगितला? त्याने स्वतः पाहिलं होतं का? आणि वाईट सांगितलं असतं तर त्याचं काय झालं असतं? आपल्या हातातही एक गोष्ट आहे. उद्या सकाळी आशाताई वही घेऊन दारात आल्या तर 'नंतर या' म्हणू नका. बसायला खुर्ची द्या, पाणी द्या, आणि विचारतील ते खरं सांगा. शहराचा आकडा तुमच्या उंबऱ्यावरच सुरू होतो.